पाटीवरची परवली

१. गुरुजींचा प्रश्न

केदार घाटावरून गंगेच्या ओघाबरोबर उत्तरेकडे चालत निघाले, म्हणजे मानसरोवर आणि नारद हे घाट मागे पडताच ज्या उंच दगडी बांधकामापाशी मराठी यात्रेकरूचे पाऊल किंचित रेंगाळते, तो राजा घाट. आणि त्याचेच दुसरे, आपल्या मनाला अधिक जवळचे नाव अमृतराव घाट. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे १८०३ मध्ये इंग्रजांशी करार करून, त्यांची नेमणूक पत्करून पुण्याच्या राजकारणातून बाजूस झाले, पुढे काशीस येऊन राहिले आणि १८२४ मध्ये येथेच त्यांचा अंत झाला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी हा घाट दगडात पक्का बांधून काढला, म्हणून त्यांचे नाव त्यास लागले ते अद्याप सुटलेले नाही. याच घाटाच्या पाठीमागच्या एका अरुंद गल्लीत, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रातील यात्रेकरूंचे तीर्थोपाध्येपण चालवीत आलेल्या एका वृद्ध गुरुजींच्या घरी मी चार दिवस उतरलो होतो.

गल्लीच्या तोंडाशी, भिंतीवर, यात्रेकरूंची उतरण्याची सोय असल्याची पाटी लाल अक्षरांत रंगविलेली होती आणि तिच्याखाली वीतभर उंचीच्या आकड्यांत गुरुजींचा मोबाइल क्रमांक होता. संध्याकाळी मी वाय-फायचा पासवर्ड विचारला, तेव्हा ते सहजपणे म्हणाले, "अहो, बाहेर पाटीवर नंबर आहे ना, तोच. येणाऱ्या प्रत्येकाला निराळे सांगत बसायला नको."

मी काही बोललो नाही, पण माझा संकोच त्यांच्या ध्यानात आला असावा, कारण रात्री जेवणे आटोपल्यावर ते राउटर हातात घेऊन आले आणि तो उपडा करून, त्याच्या पाठीवर चिकटविलेली बारीक अक्षरांची चिठ्ठी दाखवीत म्हणाले, "हा पाहा मूळचा पासवर्ड. यात शून्य कोणते आणि ओ कोणता, एक कोणता आणि एल कोणता, काही उमगत नाही. यात्रेकरूंना वाचता येईना म्हणून मी नंबर घातला. आता तुम्ही सांगा, हाच ठेवला असता तर बरे झाले असते का? जो मला घरात बसून वाचता येत नाही, तो रस्त्यावरच्या चोराला कसा कळावा?"

प्रश्न साधा होता, आणि मला वाटते, तो आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात असतो. कारण वाचण्यास कठीण ते कळण्यासही कठीण, असा आपला स्वाभाविक समज असतो. हा समज कोठे खरा ठरतो आणि कोठे धोका देतो, हे गुरुजींना त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी जसे जमेल तसे मी सांगत गेलो. तेच येथे क्रमाने मांडीत आहे.

२. चोरण्यासारखे आहे काय?

परंतु त्याआधी त्यांनी विचारलेल्या दुसऱ्या एका प्रश्नाचा निकाल लावला पाहिजे. "आणि माझ्या घरी इंटरनेटवरून चोरून नेण्यासारखे आहे तरी काय?" असे ते म्हणाले. "कोणी ओट्यावर बसून चार व्हिडिओ पाहिले, तर पाहू देत बापडा!" या उद्गारामागचे औदार्य खरे होते आणि काशीला शोभणारे होते. पण त्याला उत्तर देण्यासाठी मला लांबचे उदाहरण शोधावे लागले नाही. ते त्यांच्या घरापासून काही मिनिटांच्या वाटेवर होते.

अमृतराव घाटावरून असेच उत्तरेकडे चालत चौसष्टी, दरभंगा, मुन्शी आणि देवी अहिल्याबाईंचा घाट ओलांडला, की दशाश्वमेधाला लागून शीतला घाट येतो. ७ डिसेंबर २०१० रोजी सायंकाळी, गंगेची आरती चालू असताना, त्या घाटाच्या पायऱ्यांवर बाँबस्फोट झाला. एका चिमुकल्या मुलीचा जीव गेला आणि अनेक माणसे जखमी झाली. त्याच संध्याकाळी 'इंडियन मुजाहिदीन' या नावाने या कृत्याची जबाबदारी घेणारा ई-मेल वृत्तसंस्थांकडे पोहोचला, आणि तपास यंत्रणांनी त्याचा माग काढला, तो जाऊन थांबला नवी मुंबईत, वाशी येथील एका निवासी वाय-फाय जोडणीपाशी! काशीच्या घाटावर रक्त सांडले आणि त्याचा कागदोपत्री पत्ता निघाला महाराष्ट्रातील एका घराचा, ज्या घरातील माणसांचा त्या कृत्याशी एवढाच संबंध होता की त्यांच्या वाय-फायला धड कुलूप नव्हते.

हा प्रकार पहिलाही नव्हता. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटे अगोदर आलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतीलच सानपाडा येथे राहणाऱ्या एका परदेशी नागरिकाच्या घरच्या जोडणीवरून गेलेला आढळला. पुढील ऑगस्टमधील संदेशाचा माग माटुंग्याच्या एका महाविद्यालयापर्यंत आणि १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळच्या संदेशाचा माग चेंबूरच्या एका कार्यालयापर्यंत गेला. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांची पथके लॅपटॉप घेऊन रस्त्यांवरून हिंडत उघडी वाय-फाय जाळी शोधू लागली आणि फेब्रुवारीत केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांच्या वाय-फायचा बंदोबस्त करण्याविषयी आदेश काढले, ते याच पार्श्वभूमीवर.

असे का होते, हे समजण्यास टपालाचा दाखला पुरेसा आहे. आपल्या घराच्या भिंतीवर एक टपालपेटी आहे आणि तिच्यात पडलेल्या प्रत्येक पत्रावर आपल्या घराचाच शिक्का उमटतो, अशी कल्पना करा. पत्र आत कोणी टाकले, हे शिक्का सांगत नाही. राउटरमधून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक संदेशावर असाच एक आकडी पत्ता उमटतो, आणि तो पत्ता ज्याच्या नावे नोंदलेला असतो, त्याच्या दाराशी पोलीस प्रथम येतात. निरपराध माणूस शेवटी सुटतो, हे खरे. पण तोवर त्याची यंत्रे जप्तीत जातात, जबाब होतात, शेजारीपाजारी कुजबुज सुरू होते. गुरुजींच्या औदार्याची किंमत कदाचित त्यांनाच अशी मोजावी लागली असती. हे ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. शीतला घाटावरची ती संध्याकाळ त्यांनी स्वतः पाहिलेली होती.

३. शब्द उच्चारायचा नाही, पटवायचा

आता कुलपाची रचना पाहू. पासवर्डाला मराठीत 'परवलीचा शब्द' असा जुना आणि नेमका प्रतिशब्द आहे: अंधारात येणाऱ्याला पहारेकऱ्याने हटकावे, त्याने ठरलेला शब्द सांगावा आणि मग दिंडी उघडावी. पण या रिवाजात एक उणीव आहे. शब्द मोठ्याने उच्चारला जातो, आणि झुडपाआड दबा धरून बसलेला शत्रूचा हेर तो ऐकू शकतो.

वाय-फायमध्ये तर हेराला झुडूपही नको, कारण रेडिओच्या लहरी भिंत ओलांडून गल्लीत पसरतातच. म्हणून येथे शब्द उच्चारीत नाहीत. पहारेकरी, म्हणजे राउटर, आलेल्या फोनला दर वेळी एक नवा, कसाही निवडलेला आकडा देतो. फोनही आपल्या बाजूने तसाच एक आकडा काढून कळवितो. मग फोन त्या आकड्यांचा आणि परवलीच्या शब्दाचा मिळून एक मोठा गुंतागुंतीचा हिशेब करतो आणि केवळ त्याचे उत्तर परत सांगतो. राउटरलाही शब्द ठाऊक असल्याने तोही तोच हिशेब करून पाहतो, आणि उत्तरे जुळली की दार उघडते. हेराला आकडे ऐकू आले, उत्तर ऐकू आले, शब्द मात्र ऐकू आला नाही. आणि उत्तरावरून मागे जाऊन शब्द काढता येऊ नये, अशीच त्या हिशेबाची घडण असते.

मग धोका कोठे आहे? तो असा की, हेर आकडे आणि उत्तर टिपून घेऊन घरी जाऊ शकतो, आणि तेथे निवांत बसून, मनात येईल तो शब्द घेऊन तोच हिशेब करून पाहू शकतो. उत्तर जुळले नाही की दुसरा शब्द, मग तिसरा. पहारेकऱ्याला याची वार्ताही नसते. २००४ मध्ये आलेली आणि आजही असंख्य घरांतून चालणारी डब्ल्यूपीए-२ ही पद्धत याच ठिकाणी हळवी आहे. तिच्या कर्त्यांना हे ठाऊक होते, म्हणूनच एका शब्दामागे ४,०९६ फेऱ्यांचा हिशेब त्यांनी मुद्दाम लादला, जेणेकरून हेराचा प्रत्येक तर्क महाग पडावा; आणि त्या हिशेबात जाळ्याचे नावही मिसळले, जेणेकरून एका घरासाठी केलेला खटाटोप दुसऱ्या नावाच्या घराला उपयोगी पडू नये. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ या पद्धतीत तर प्रत्येक तर्कासाठी हेराला पुन्हा प्रत्यक्ष पहारेकऱ्यासमोर यावे लागते. राउटर आणि घरातील फोन ही पद्धत जाणत असतील, तर ती अवश्य निवडावी.

४. तर्कांची मोजदाद

याचा अर्थ असा की, शब्दाचे बळ त्याच्या दिसण्यात नसून, हेराला तो सापडेपर्यंत किती तर्क करावे लागतील, या एका संख्येत आहे. ही संख्या काढणे अगदी सोपे आहे. खेळांसाठी बाजारात विकले जाणारे एक चांगले ग्राफिक्स कार्ड, त्या ४,०९६ फेऱ्यांसह, सेकंदास दहा लाखांच्या आसपास तर्क करू शकते. तोच आकडा हिशेबासाठी धरू.

कोणी आपली जन्मतारीख आठ आकड्यांत पासवर्ड म्हणून घातली असेल, तर शंभर वर्षांत तारखा भरतात साडेछत्तीस हजार. एक सेकंदही लागणार नाही. आठ आकडी कोणतीही संख्या घेतली, तर शक्यता दहा कोटी, आणि वेळ शंभर सेकंद. भारतातील मोबाइल क्रमांक दहा आकडी असला तरी त्याचा पहिला आकडा सहा ते नऊ यांपैकीच असतो, म्हणून शक्यता चारशे कोटी, आणि वेळ सुमारे एक तास सात मिनिटे. (गुरुजींच्या बाबतीत पाटीच वाचायची असल्याने तेवढाही नको.) हे केवळ तर्कट नाही. २०२१ मध्ये तेल अवीव शहरात एका सुरक्षा संशोधकाने रस्त्यांवरून फिरत पाच हजार वाय-फाय जाळ्यांचे असे टिपण जमविले आणि त्यांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांचे पासवर्ड त्याला उलगडता आले. त्यांतील पुष्कळसे घरमालकांचे मोबाइल क्रमांक होते. मोबाइल क्रमांक लक्षात राहतो आणि लांबलचक दिसतो, म्हणून तो घालावा, ही बुद्धी काशीतील उपाध्यायांना आणि भूमध्य समुद्राकाठच्या नगरवासीयांना सारखीच सुचली.

याउलट, आठही अक्षरे इंग्रजी छोट्या लिपीतील आणि खरोखर कशीही निवडलेली असतील, तर शक्यता वीस हजार आठशे ब्याऐंशी कोटी होतात आणि वेळ अठ्ठावन्न तास. अक्षरे व आकडे मिळून बारा चिन्हे खरोखर कशीही निवडली, तर त्याच यंत्राला दीड लाख वर्षे लागतील. 'खरोखर कशीही' हे शब्द मी दोनदा लिहिले, कारण सगळी मेख त्यांतच आहे, आणि गुरुजींच्या मूळ प्रश्नाचे उत्तरही.

५. वही उघडते कशी

तीर्थक्षेत्री गेलेल्या मराठी माणसाला एक विस्मयकारक अनुभव येतो. तो उपाध्यायांना आपले गाव आणि आडनाव एवढेच सांगतो, आणि थोड्याच वेळात ते जुनी लांबट वही उघडून त्याच्या पणजोबांची सही, आलेल्या वर्षासह, त्याच्यापुढे ठेवतात. हा चमत्कार नसतो. वह्या गावनिहाय आणि कुळनिहाय लावलेल्या असतात, ही शिस्त असते. ज्याला शिस्त ठाऊक आहे, त्याला दोन शब्दांवरून नेमके पान सापडते; ज्याला ती ठाऊक नाही, त्याच्यापुढे हजारो पाने अरण्यासारखी पसरलेली असतात.

राउटरच्या पाठीवरील चिठ्ठीतले शब्द कित्येक वर्षे असेच बनत आले. कारखान्यात लक्षावधी यंत्रे तयार होतात. प्रत्येकाच्या आत एक पासवर्ड आणि बाहेर त्याच पासवर्डाची चिठ्ठी, यांचा मेळ बसविणे जिकिरीचे असते. तेव्हा निर्मात्यांनी सोपी युक्ती काढली: प्रत्येक यंत्राला अनुक्रमांक असतोच, तो एका ठरीव गणिती चरकातून पिळून काढावा आणि निघेल तो चोथा पासवर्ड म्हणून छापावा. दिसायला तो शब्द पराकाष्ठेचा विस्कळीत दिसतो. पण त्याचा जन्म नियमातून झालेला असतो, आणि नियम कळला की वही उघडते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २००८ मध्ये उघडकीस आले. युरोपात फार प्रचलित असलेल्या 'स्पीडटच' जातीच्या राउटरांत जाळ्याचे नाव 'स्पीडटच' आणि पुढे सहा चिन्हे, असे असे, आणि पासवर्ड दहा चिन्हांचा. चिन्हे सोळा प्रकारची असल्याने दहा चिन्हांच्या शक्यता एक लाख नऊ हजार नऊशे एक्कावन्न कोटी होतात, म्हणजे आपल्या यंत्राला जवळजवळ तेरा दिवसांचे काम. तेवढे वाईट नाही. परंतु अभ्यासकांना आढळले की, अनुक्रमांक चरकातून काढल्यावर जो लांब चोथा निघे, त्याचा आरंभीचा भाग पासवर्ड होई, आणि त्याच चोथ्याचा शेवटचा भाग जाळ्याच्या नावात, सर्वांना दिसेल असा, छापला जाई! आता अनुक्रमांकाची रचना पाहा: त्यात वर्ष, आठवडा आणि तीन चिन्हे एवढेच बदलते भाग. तीन चिन्हे छत्तीस प्रकारची, म्हणून ३६ × ३६ × ३६, म्हणजे ४६,६५६. त्याला बावन्न आठवड्यांनी गुणले की एका वर्षाचे अनुक्रमांक होतात २४,२६,११२. पाच वर्षे धरली तरी सव्वा कोटीच्या आत. ते सगळे चरकातून काढून पाहावेत आणि ज्याच्या चोथ्याचे शेपूट समोरच्या नावाशी जुळते, त्याचे डोके म्हणजे पासवर्ड. सहा चिन्हांच्या शेपटाच्या शक्यता एक कोटी सदुसष्ट लाख असल्याने जुळणारे अनुक्रमांक बहुधा एक, फार तर दोन-तीन निघतात. एक लाख कोटींचे अरण्य असे एका पानावर येते, आणि तेही हेराने कोणतीही देवघेव न टिपता, नुसती पाटी वाचून!

गुरुजींनी घरच्या राउटरला आपल्या हाताने पाटीवरचा क्रमांक दिला होता. त्या कारखान्याने पाटी आणि परवली एकाच साच्यातून ओतली होती. दोहोंतील चूक जातीने एकच आहे.

पुढेही हा रोग आढळत राहिला. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथील इंटरनेट कंपन्यांनी ग्राहकांना दिलेले अनेक राउटर तपासून त्यांतील असे नियम उकलून दाखविले. त्यानंतरच्या वर्षी मध्य युरोपात वाटल्या गेलेल्या एका जातीच्या राउटरमध्ये, पासवर्डात चुकूनही असभ्य शब्द येऊ नये म्हणून अशा शब्दांची एक लांबलचक यादी ठेवलेली सापडली. ग्राहकाच्या सभ्यतेची एवढी काळजी घेणाऱ्याने त्याच्या कुलपाची तेवढीच घेतली असती तर बरे झाले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

येथे मोडी लिपीचे उदाहरण आठवते. पेशवे दफ्तरातील रुमाल आज आपल्यापुढे सोडले, तर तो मजकूर आपल्याला गुप्तलिपीच भासेल. पण तो गुप्त नव्हता, कारण त्या काळी कोणत्याही कारकुनाला तो सहज वाचता येई. दुर्बोधता ही पाहणाऱ्याच्या अज्ञानावर अवलंबून असते आणि अज्ञान प्रयत्नाने दूर होते. म्हणून १८८३ मध्येच ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषापंडिताने लष्करी गुप्तलेखनाविषयी असे तत्त्व सांगून ठेवले की, पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी हानी होऊ नये, गुप्त राहायची ती केवळ किल्ली. कारखान्याचा चरक ही पद्धती आहे; यंत्र विकत घेऊन उघडले की ती कोणाच्याही हाती पडते.

सगळ्याच कंपन्या आजही असे करतात, असे मात्र कोणी समजू नये. पुष्कळ नव्या राउटरांवरील शब्द खरोखर कसेही निवडलेले असतात आणि मग ते उत्तम असतात. अडचण एवढीच की, चिठ्ठीकडे पाहून ते ओळखता येत नाही. नुसत्या आकड्यांचा शब्द, आठच चिन्हांचा शब्द, किंवा ज्यात यंत्राच्या नावाचा वा अनुक्रमांकाचा तुकडा डोकावतो असा शब्द तर निःशंकपणे बदलावा. आणि जोडणी देण्यास आलेल्या कारागिराने घातलेला, ग्राहकाचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन अशा थाटाचा शब्द असेल, तर तोच साचा त्याने गल्लीतील प्रत्येक घरी वापरलेला असतो, हे ध्यानात ठेवावे.

६. मागची खिडकी

दारावर भक्कम अडसर आणि मागची खिडकी उघडी, असा एक प्रकार राउटरांत फार दिवस होता. लांब पासवर्ड टंकित करण्याचा त्रास वाचावा म्हणून डब्ल्यूपीएस नावाची सोय काढण्यात आली. तिच्यात आठ आकडी क्रमांक दिला की काम होई. आठ आकडे, म्हणजे दहा कोटी शक्यता. त्यातील शेवटचा आकडा पहिल्या सातांवरून ठरतो, म्हणून एक कोटी. राउटर प्रत्येक तर्काला काही सेकंद घेत असल्याने हे पुरेसे वाटले. पण डिसेंबर २०११ मध्ये श्टेफान फीबॉक या सुरक्षा संशोधकाने दाखवून दिले की, पहिले चार आकडे बरोबर आहेत की नाहीत, हे राउटर स्वतंत्रपणे सांगून टाकतो. मग पहिल्या चारांसाठी जास्तीत जास्त दहा हजार तर्क आणि उरलेल्या तिघांसाठी एक हजार. एकूण अकरा हजार. एक कोटींचे अकरा हजार झाले, कारण गुणाकाराच्या जागी बेरीज आली. तिजोरीचे दोन खटके एकदम सुटण्याऐवजी पहिला सुटताच त्याचा आवाज आला, तर चोराचे काम असेच सोपे होते. राउटरच्या मांडणीत ही सोय दिसली की ती बंद करावी. तिच्यावाचून कोणाचे अडत नाही.

७. दोन किल्ल्या

गुरुजींचा आणखी एक समज असा होता की, पासवर्ड एकच असतो. वास्तविक ते दोन असतात. एक वाड्यात शिरण्याचा आणि दुसरा वाड्याचे दफ्तर उघडण्याचा, म्हणजे राउटरची मांडणी बदलण्याचा. पहिला बदलणारे पुष्कळ. दुसरा मात्र पुष्कळदा कारखान्याने ठेवलेला 'ॲडमिन' हाच वर्षानुवर्षे राहतो, आणि तो तर त्या जातीच्या सर्व यंत्रांना सारखा असल्याने त्याला गुपित म्हणणेच चुकीचे आहे. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने अशा सुमारे साठ कारखानी जोड्यांच्या यादीवर जगभरचे लक्षावधी कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबर रोजी त्यांच्याच झुंडीने इंटरनेटच्या नामनिर्देशाचे काम पाहणाऱ्या 'डाइन' या कंपनीवर असा मारा केला की, अमेरिकेत कित्येक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास दिसेनाशी झाली. या अनुभवांनंतर कायद्यालाही जाग आली: १ जानेवारी २०२० पासून कॅलिफोर्नियात आणि २९ एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये, सर्व यंत्रांना सारखाच कारखानी पासवर्ड देण्यास मनाई झालेली आहे.

शिवकालीन गडांच्या व्यवस्थेत ही गोष्ट किती स्पष्टपणे ओळखलेली होती! हवालदार, सरनोबत, सबनीस असे निरनिराळे अधिकारी, प्रत्येकाचा इलाखा वेगळा. सूर्यास्तानंतर दरवाजे बंद आणि किल्ल्या हवालदाराच्या स्वाधीन. आणि कोणी एकाच जागी मुरून राहू नये म्हणून ठरावीक मुदतीने बदल्या. दार उघडण्याचा अधिकार, दफ्तर लिहिण्याचा अधिकार आणि किल्लीची मुदत, या तिन्ही गोष्टींचा विचार त्यांत होता. यात्रेकरूंच्या घरासाठी तो जसाच्या तसा उपयोगी पडतो: पाहुण्यांसाठी बहुतेक राउटरांत वेगळे जाळे उघडता येते, त्याचा शब्द हंगामागणिक बदलावा, घरचे जाळे वेगळे ठेवावे, आणि दफ्तराची किल्ली पाहुण्यांच्या हाती कधीच पडू देऊ नये.

८. फासे

राहता राहिला प्रश्न नव्या शब्दाचा. "मग मनाला येईल तो शब्द घालू?" असे गुरुजींनी विचारले, आणि लगेच दोन-तीन सुचविलेही: त्यांतले एक देवाचे नाव होते, दुसरे नातवाचे. मनाला येणारे शब्द सर्वांच्या मनाला सारखेच येतात, म्हणून ते हेराच्या यादीत आधीपासून असतात. निवड मनावर न सोडता दैवावर सोडावी लागते, आणि दैवाचे यंत्र पुरातन काळापासून आपल्या घरात आहे: फासा.

गुरुजींनी फडताळातून सारीपाटाच्या कवड्या काढल्या. मी त्या नको म्हटले, कारण सहा कवड्या टाकल्या तर, प्रत्येक कवडी समान शक्यतेने पाठीवर वा पोटावर पडते असे मानले तरी, त्या चौसष्ट प्रकारे पडू शकतात, आणि त्यांतील वीस प्रकारांत तीन उताण्या असतात, तर सहाही उताण्या केवळ एका प्रकारात. म्हणजे काही दाने वारंवार येतात, काही क्वचित. खेळाची रंगत त्यातच आहे, परंतु आपल्या कामाला ते चालत नाही. नातवाच्या सापशिडीतील साधा सहा बाजूंचा फासा मिळाला. त्याच्या सहाही बाजूंना समान संधी असते.

मग एक जाडा मराठी शब्दकोश घेतला. त्याची पहिली २१६ पाने आणि प्रत्येक पानावरील पहिले ३६ शब्द एवढेच आपले क्षेत्र. पाच वेळा फासा टाकला की त्यातील एक शब्द ठरतो, कारण ६ पाच वेळा गुणले की ७,७७६ येतात, आणि २१६ गुणिले ३६ सुद्धा तेवढेच. समजा, ३, ५, २ असे पडले: पहिल्या आकड्यातून एक वजा करून छत्तीसने गुणावे, म्हणजे ७२, दुसऱ्यातून एक वजा करून सहाने, म्हणजे २४, तिसरा तसाच, २, बेरीज ९८, तेच पान. पुढे ४ आणि १ पडले: चारातून एक वजा करून सहाने गुणले की १८, त्यात १ मिळवला की १९, अठ्ठ्याण्णवाव्या पानावरील एकोणिसावा शब्द. असे चार शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहिले, तर आपल्या त्या यंत्राला सगळ्या शक्यता संपविण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागतील. पण तशी हजार यंत्रे लावणारा कोणी निघालाच, तर दीड महिन्यात त्याचे काम होईल. पाच शब्द घेतले, तर एका यंत्राला नऊ लाख वर्षे आणि हजार यंत्रांनाही नऊशे. पद्धती मी येथे उघड सांगितली आहे, शब्दकोश कोणता तेही हेराला कळले तरी बिघडत नाही. गुप्त आहे ते केवळ फाशाचे दान. शिवाय ते खरे मराठी शब्द असल्याने शून्य आणि ओ यांचा घोटाळा नाही, आणि दूरध्वनीवरून सांगायचे झाले तरी एका दमात सांगता येतात.

पाच शब्दांसाठी फासा पंचवीस वेळा पडला. गुरुजींचा नातू दाने टाकीत होता, त्यांच्या सूनबाई कोशाची पाने उलटीत होत्या आणि गुरुजी वहीच्या कोऱ्या पानावर एकेक शब्द वळणदार अक्षरात उतरवीत होते. चौथा शब्द निघाला तेव्हा सगळे हसले, कारण ते कोकणातील एका माशाचे नाव होते आणि घर शाकाहारी होते. बदलायचा का, असे सूनबाईंनी विचारले. मी नाही म्हटले. आवडले नाही म्हणून एक दान फेरले, की तेथून पुन्हा मनाची निवड सुरू होते. कागद कोठे ठेवावा, यावर थोडी चर्चा झाली. लिहून ठेवण्यात काही वावगे नाही, कारण ज्या हेराची आपल्याला भीती आहे तो गल्लीत आहे, देवघरात नाही. म्हणून तो देवघरातील पोथ्यांच्या रुमालात गेला.

पाहुण्यांच्या जाळ्यासाठी आणखी चार शब्द काढले, दफ्तराची किल्ली बदलली, मागची खिडकी लावली. निघण्याच्या दिवशी सकाळी मी गल्लीच्या तोंडाशी आलो, तेव्हा पाटी होती तशीच होती, तिच्याखालचे वीतभर आकडेही तसेच होते, आणि नुकतेच गाडीवरून उतरलेले एक कुटुंब ते पाहून गुरुजींना फोन लावीत होते.